डोमाजींचा पहिला शब्द

१

प्रयागबाईंना त्यांच्या सुनेनं चहातून विष दिलं, हे निंबगावानं दोन दिवसांत ठरवून टाकलं. पोलिसांना तेच ठरवायला आठ दिवस लागले, एवढाच काय तो फरक.

निंबगाव तेलंगणाच्या हद्दीत, भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेकाठी आहे. कापूस आणि सोयाबीन पिकवणारं गाव. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी प्रयागबाई अंगणात वाकून ओकू लागल्या. त्यांना आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं, गुरुवारी त्या गेल्या. पोटात कपाशीवर फवारायचं औषध निघालं. घरात उरले त्यांचे नवरे डोमाजी, मुलगा महिपत, सून देवकाबाई आणि दीड वर्षांची नात. आदल्या संध्याकाळी सासू-सुनेचं भांडण अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. सकाळचा चहा सुनेनं केला होता आणि तो सासूनं एकटीनंच घेतला होता. मग गावाला आणखी काय हवं? देवकाबाई आदिलाबादच्या तुरुंगात गेली आणि तिची मुलगी चुलत आज्याकडे राहिली.

देवकाबाई आणि महिपत त्या पहाटेच शेतात गेले होते. त्यामुळे प्रयागबाईंनी काय खाल्लं, काय प्यायलं, हे पाहणारा माणूस एकच होता, डोमाजी. पण जुलैत त्यांना लकवा मारला होता. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. पोलिसांनी त्यांच्या नावापुढं 'बोलू शकत नाही' असं लिहून कागद मिटला.

ते खोटं होतं. डोमाजी एक शब्द बोलत होते, आणि तो मीच त्यांच्याकडून घोटून घेत होते.

माझं नाव जयवंता. आजीचं नाव माझ्या माथी मारलेलं आहे, त्यामुळे मला न पाहिलेले लोक मला साठीची समजतात. मी वाचा-उपचार करते. आजारानं ज्यांचं बोलणं गेलं त्यांना परत बोलतं करायचं, हे माझं काम. खेड्यांत मला 'बोलायची मास्तरीण' म्हणतात. दर शनिवारी मी निंबगावला डोमाजींच्या ओसरीत बसायची. त्यांना सगळं कळायचं, पण शब्द ओठांवर येत नव्हता. ऑगस्टपासून त्यांच्या तोंडून नुसता 'आ' निघायचा. प्रयागबाईंच्या तेराव्यानंतर मी गेले आणि विचारलं, "डोमाजी, आपण इथं काय करायला बसतो?" त्यांनी मान ताठ केली, जीव एकवटला आणि म्हणाले, "माट."

माझ्या अंगावर रोमांच उभे राहिले. तेलुगूत माट म्हणजे बोलणं, शब्द. सीमेवरचा माणूस दोन्ही भाषा एकत्र बोलतोच. प्रश्न काय आणि उत्तर किती नेमकं! मी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास! माट! परत म्हणा, माट!" मी त्यांना तो शब्द पन्नास वेळा म्हणायला लावला.

त्या दसऱ्याला आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. टेबलं, कपाटं, फायली आणि माणसं यांची वाटणी चालू होती. आमच्या धंद्यात नोंदणी टिकवायची तर जन्मभर शिकत राहावं लागतं आणि त्याचे गुण मिळवावे लागतात. माझे थोडे कमी पडत होते. ऑक्टोबरच्या अखेरीस आदिलाबादला तीन दिवसांचं प्रशिक्षण होतं. ज्यानं त्यानं आपला एक रुग्ण चित्रफितींसह मांडायचा होता. मी डोमाजींची परवानगी घेऊन, म्हणजे त्यांनी माझा हात दाबल्यावर, त्यांच्या तीन फिती नेल्या.

पडद्यावर डोमाजी दिसले. पहिल्या फितीत 'आ'. दुसरीत 'माट'. तिसरीत 'माट, माट, माट', मग डाव्या हातानं खाटेवर आपटणं, मग रडणं. मी सांगितलं की लकव्यानंतर रडू अनावर होतं, हे अपेक्षितच आहे. हैदराबादहून आलेल्या प्रशिक्षक डॉक्टरीणबाई खूश झाल्या. आपणहून आलेला आणि अर्थाला धरून असलेला शब्द आहे, म्हणाल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात मागं चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या बयनाबाई मोठ्यानं म्हणाल्या, "अवं बाई, पाणी द्या ना त्या बुढ्याले. केवाचा माट माट करून राह्यला!"

२

सगळे हसले. मी हसले नाही.

बयनाबाई भीमपूरकडच्या. आमच्याकडं 'आम्ही'चं 'आमी' होतं, 'तुम्ही'चं 'तुमी' होतं, आणि पाण्याच्या माठाला कुणी माठ म्हणत नाही. माट म्हणतात. हे मला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? माझी आई मरेपर्यंत "माट भरला काय वं?" असंच विचारायची. पण वडील कोळसा खाणीत, आम्ही बेल्लमपल्लीला खाण कामगारांच्या क्वार्टरमध्ये. शाळा तेलुगू, पुढचं शिक्षण हैदराबादला. मराठी मी नंतर पुस्तकातून नीट केली आणि पुस्तकात माठ होता. मग कुणी 'माट' म्हटलं की माझ्या शिकलेल्या कानाला तो तेलुगूच वाटणार. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आईची बोली मी इतकी विसरले होते की चहावालीनं मला ती परत शिकवावी.

एका म्हाताऱ्याला मी पन्नास वेळा शाब्बास म्हटलं होतं, आणि तो मला काहीतरी सांगत होता. त्या दुपारी मला माझीच इतकी लाज वाटली की जेवण गेलं नाही.

मी कोपऱ्यात बसून फिती पुन्हा पाहिल्या. या वेळी आवाज बंद करून. रडताना डोमाजींचा डावा हात खाटेवर नुसता आपटत नव्हता. आपटून झाल्यावर तो दर वेळी एकाच दिशेला जात होता, ओसरीच्या उजव्या कोपऱ्याकडं. त्या कोपऱ्यात तिवईवर पाण्याचा माठ होता.

ऑगस्टच्या फितीत तो जुना होता, वापरून काळवंडलेला. झाकणावर पितळेचा गिलास उपडा घातलेला. नंतरच्या दोन फितींत माठ नवा, लालभडक, आणि त्याच्यावर स्टीलचा गिलास.

माठ बदलला यात नवल नव्हतं. घरात माणूस गेलं की सुतकात मातीची भांडी टाकून देतात, नवी आणतात. आमच्याकडंही आईच्या वेळी तसंच केलं. पण धातूची भांडी राखेनं घासून परत वापरतात. पितळ कुणी फेकत नाही.

मग तो गिलास गेला कुठं?

३

भीमपूर तेव्हा नुकतंच नवं मंडल, म्हणजे छोटा तालुका, झालं होतं. ठाण्यात खुर्च्या दोन आणि गोणपाटं बारा, त्यांत जुन्या ठाण्याहून आलेले कागद. हवालदार उत्तमराव त्या ढिगाऱ्यात बसले होते. मराठी बोलणारे, निवृत्तीला आलेले.

"उत्तमरावजी, प्रयागबाईच्या केसमधे डोमाजींचं बयान घेतलं का?"

"गुंग्याचं बयान कसं घेवाव, मॅडम?"

"ते गुंगे नाहीत. माझ्याकडं त्यांचं बयान आहे. दोन वेळा दिलेलं."

मी मोबाइल पुढं केला. त्यांनी फीत दोनदा पाहिली. ते माझ्यासारखे हैदराबादला शिकलेले नव्हते, म्हणून त्यांना एका झटक्यात कळलं. "माट म्हणून राह्यला," ते हळूच म्हणाले. "माटाकडं हात करून राह्यला. आन आमी पंचनाम्यात चुलीपासली पातेली जमा केली."

"माठातलं पाणी तपासलं होतं?"

"आमी गेलो तवा माट नवा होता. सुतक ना." त्यांनी डोकं खाजवलं. "मॅडम, सोमवारी कागद कोर्टात जाते. देवकाबाईवर खुनाचा. आज गुरुवार. एकदा गेला कागद की मंग माह्या हातात काई नाई. पोरगी दहा वर्साची होईल मायची वाट पायत."

"तोवर मला त्या घरातल्या माणसांशी बोलू द्याल?"

"बोला. तुमचा तो धंदाच हाये."

४

शुक्रवारी तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत देवकाबाई जाळीपलीकडं बसली. वय अठ्ठावीस असेल, दिसत होती चाळिशीची. तिनं मला आधी मुलीचं विचारलं. ती जेवते का, तिला कुणी जवळ घेतं का. मी पाहिलं नव्हतं. खोटं बोलवेना, म्हणून तेच सांगितलं.

"भांडण झालं होतं?"

"झालं. कायले खोटं सांगू? बतकम्माच्या सणाले माहेरी जावाचं होतं मले. बुढी म्हणे फवारे चालू हायेत, कोन करीन काम? मी उलटून बोलली. आता वाटते, काऊन बोलली."

"चहा तूच केलास?"

"मीच केला. पत्ती, साखर, गूळ नाई. बुढीले साखरेचाच लागे. मी प्याली नाई, कावून का दवा मारायच्या दिवशी माह्या पोटात डचमळते. आन ते दुधाशिवाय प्येत नाई, दूध नोतं."

"ते म्हणजे महिपत?"

तिनं मान हलवली. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही.

"त्या सकाळी औषध कुणी कालवलं?"

"त्यायनंच, अंगणात. मी पंप धुवून राह्यली होती. डब्याचं टोपण हरपलं होतं, ज्यानं माप घेते ते. ते मले ओरडले, टोपण कुठं हाये? मी म्हटलं मले नाई मालूम. मंग त्यायनं कायनं तरी घेतलं माप. मी पंप घेऊन पुढं गेली."

"कशानं घेतलं, पाहिलंस?"

"नाई."

"आणि सासूला दवाखान्यात नेल्यावर तू घरी कधी आलीस?"

"आलीच नाई. मंगळवार, बुधवार, गुरुवार, तिच्या उशापाशी मीच होती. काका पण तिथंच होते, चंपतकाका. पोरीचे बाबा घरी आले एकदा, कपडे आणाले." ती थांबली. "बाई, बुढीनं मरताना माहा हात धरला होता. मी दवा देली असती तं धरला असता काय वं?"

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली.

५

शनिवारी मी निंबगावला गेले. ओसरीत डोमाजी खाटेवर होते. मला पाहून त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. त्यांचा राग मला आज पहिल्यांदा समजला.

चंपतराव अंगणातच भेटले. डोमाजींचे धाकटे भाऊ. पांढरे कपडे, खणखणीत आवाज. उथळ पाण्याला खळखळाट फार, असलं प्रकरण. धुऱ्याच्या बांधावरून त्यांचं प्रयागबाईंशी वर्षभर वाजत होतं, हे मला शेजारच्या दोघांनी न विचारता सांगितलं होतं.

"सुनेनंच देलं, मॅडम! मी पह्यल्या दिवशी सांगतलं. चायमधून!"

"तुम्ही चहा पाहिला होता?"

"मी कायले पाहीन? मी त्या दिवशी सक्काळी आलो तं वयनी वकून राह्यल्या होत्या. मीच गाडी बोलावली. मीच दवाखान्यात तीन दिवस बसलो. बांधाचं भांडण वेगळं, मॅडम. वयनीच्या हातचं जेवून मी मोठा झालो." एवढा मोठा आवाज एकाएकी फाटला आणि ते पाठ फिरवून उभे राहिले. मग म्हणाले, "कोनी तरी केलं ना हे? कोनावर तरी राग काढाव लागते ना?"

त्यांच्यावरचा माझा संशय तिथंच गळून पडला. दवाखान्यात तीन दिवस बसलेला माणूस घरातला माठ बदलू शकत नाही.

शेजारच्या शकुबाई तांदूळ निवडत होत्या. प्रयागबाईंच्या मैत्रीण, दोघींची तपकिरीची डबी एकच. त्या तीन दिवसांत डोमाजींचं खाणंपिणं त्यांनीच केलं होतं.

"मावशी, तुम्ही त्यांना पाणी कुठलं दिलंत?"

"मंगळवारी दुपारी त्यायच्याच माटातलं देत होती. पण बुढ्यानं तोंड असं मिटलं का उघडेच ना. गिलासले हातानं असा फटका मारला, सारं पाणी माह्या लुगड्यावर. मंग मी माह्या घरून आणलं, तं गटागटा प्याला."

"आणि बुधवारी?"

"बुधवारी माटच नोता ना तिथं. महिपत दुपारी आल्ता कपडे न्याले. संध्याकाळी म्या पाह्यलं तं तिवई खाली. मले वाटलं, सुतकात फोडला असंन."

"मावशी, प्रयागबाई गेल्या कधी?"

"गुरुवारी, सका..." त्यांची बोटं तांदळात थांबली. "आवं माय. बुधवारी तं ते जित्ती होती."

त्यांनी सूप बाजूला सारलं. मग पुटपुटल्या, "आन मी पोलिसाईले दुसरंच सांगत बसली. त्यायनं लिवलंही नाई."

"काय सांगितलंत?"

"त्या दिवशी सक्काळी, सारं होयाच्या आंधी, प्रयागा भिंतीवरून ओरडली. हासून राह्यली होती. म्हणे, शकु, बुढा बोलला वं! तीन महिन्यानं बोलला!"

६

रविवारी सकाळी उत्तमराव आणि मी ओसरीत बसलो. महिपत शेतातून आला, आम्हाला पाहून दारातच थबकला. पस्तिशीचा, खाली मान घालून बोलणारा माणूस. अशा माणसाला गाव गरीब म्हणतं.

उत्तमरावांनी मला खूण केली. बोलणं माझ्यावर सोपवलं होतं.

"महिपतभाऊ, प्रयागबाईंचा चहा वाईट नव्हता," मी म्हटलं. "वाईट असता तर डोमाजींनी चहाची चूल दाखवली असती. ते महिनाभर माठ दाखवत आहेत. शकुबाईंनी माठातलं पाणी दिलं तर त्यांनी तोंड मिटलं, शेजारचं दिलं तर प्यायले. म्हणजे खोट माठाच्या पाण्यात, नाही तर ते काढायच्या गिलासात."

त्यानं तिवईकडं पाहिलं.

"माठ टाकून दिला, त्याला सुतकाचं कारण आहे. पण तो बुधवारी गेला आणि सुतक गुरुवारी लागलं. पितळेचा गिलास गेला, त्याला तर काहीच कारण नाही. बुधवारी देवकाबाई दवाखान्यात होती, चंपतराव दवाखान्यात होते. घरी तुम्ही आला होता. आणि मंगळवारी पहाटे औषधाच्या डब्याचं टोपण सापडत नव्हतं. माप तुम्ही कशानं घेतलं?"

महिपत भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला.

"गिलासानं," तो म्हणाला. "हाताशी तोच होता. धुवाव म्हटलं, तं देवका पुढं निंघून गेली होती, ऊन चढाच्या आंधी फवाऱ्याले लागाव लागते. मी तसाच झाकणावर ठेवून देला. ध्यानातच नाई राह्यलं. मायचं नाक तपकिरीनं गेलेलं, तिले वास कुठला? दवाखान्यात डाक्टर म्हणे दवा हाये पोटात, तवा माह्या डोळ्यासमोर तो गिलास आला."

"गिलास कुठं आहे?"

"पैनगंगेत टाकला. माट फोडला."

उत्तमराव पहिल्यांदा बोलले. "चूक झाली होती तं सांगता आली असती, गा. बायकोले काऊन जाऊ देलं?"

"काका म्हणे, देवकानं देलं. मले वाटलं, आज म्हणू द्या, उद्या सांगतो. उद्या माय मेली. मंग तेरावं झाल्यावर सांगतो म्हटलं. मंग पोलीस आले." त्यानं तोंड झाकलं. "दररोज म्हणो आज सांगतो. तोंडच उघडे ना, मॅडम."

मला त्याची कीव आली आणि त्याच वेळी त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्याच्या मागं, हातभर अंतरावर, त्याचा बाप खाटेवर होता. बापाच्या मेंदूतली रक्ताची वाट बंद झाली होती, तरी तो महिनाभर तोंड उघडत होता. पोराची जीभ धडधाकट होती.

उत्तमरावांनी बयान लिहून घेतलं. सोमवारी कोर्टात दुसरा कागद गेला.

७

रहस्यकथेत इथं शेवट करायची रीत आहे. पण मला एक गोष्ट टोचत होती. प्रयागबाईंनी पाणी प्यायलं तरी का? चहा नुकताच झाला होता, ऑक्टोबरची थंड पहाट होती. त्या वेळी गार पाणी कुणी पीत नाही.

महिपतला नेल्यावर मी डोमाजींच्या खाटेपाशी बसले. त्यांचा डावा हात हातात घेतला.

"डोमाजी, मी चुकले. तुम्ही माठ म्हणत होता आणि मी ऐकलं नाही. आता विचारते. हो असेल तर हात दाबा. महिपतनं गिलास तसाच ठेवलेला तुम्ही पाहिलात?"

त्यांनी हात दाबला.

"प्रयागबाई आल्यावर तुम्ही त्यांना माट म्हणालात. माठाकडं जाऊ नको, असं सांगायला."

दाबला. जोरात.

पुढचं विचारू नये असं मला वाटत होतं. पण न विचारता माझ्या मनातून ते जाणार नव्हतं.

"त्यांना वाटलं, तुम्हाला तहान लागली."

डोमाजींनी हात सोडवून घेतला. मग त्या एका हातानं त्यांनी सगळं करून दाखवलं. गिलास माठात बुडवला. ओठांशी आणला. ओठ मिटले, मान फिरवली. गिलास पुढं आला, त्यांनी ढकलला. मग हात माझ्याकडं वळला, म्हणजे बाईमाणसाकडं, आणि गिलास तिच्या तोंडाला लागला. भरलेलं पाणी टाकायचं कशाला, म्हणून ती प्यायली. नवरा तीन महिन्यांनी बोलला म्हणून भिंतीवरून शेजारणीला हाक मारून आली होती ती. आनंदात प्यायली.

तिच्या जिवाच्या धसक्यानं डोमाजींना वाचा फुटली, आणि आलेला पहिला शब्दच बायकोला माठापाशी घेऊन गेला. त्यानंतर महिनाभर ते कुणाला तरी हे सांगू पाहत होते, आणि मी टाळ्या वाजवत होते. मी त्यांच्या खाटेवर डोकं टेकून रडले. आमच्या शिक्षणात रुग्णासमोर रडू नये असं सांगतात.

हे मी उत्तमरावांना सांगितलं नाही. देवकाबाईला वाचवायला त्याची गरज नव्हती.

त्या दिवसापासून डोमाजी 'माट' म्हणेनासे झाले. पुढच्या शनिवारी नाही, त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. मी जीव तोडून विचारत राहिले, ते आढ्याकडं पाहत राहिले. साधा 'आ'सुद्धा नाही. घास चारला तर निम्मा बाहेर. शकुबाई म्हणाल्या, बुढा आता जाणार.

देवकाबाई सुटली. कागद चार जिल्ह्यांत फिरत होते, त्यामुळे सुटायलाही तीन आठवडे गेले. ती माहेरी गेली, हे योग्यच केलं. त्या घरानं तिच्यासाठी ठेवलं काय होतं? मी तिला भेटायला गेले नाही, माझी हिंमत झाली नाही.

नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी मी ओसरीत बसले होते, तर ती मुलीला कडेवर घेऊन अंगणात आली. हातात कपड्यांचं गाठोडं. चंपतराव मागं उभे राहिले, एक शब्द न बोलता. एवढं शांत त्यांना कुणी पाहिलं नव्हतं.

"मॅडम, ते फीत हाये म्हणते तुमच्यापाशी. दाखवा."

मी दाखवली. तिनं उभ्यानंच तिन्ही पाहिल्या. तिसऱ्या फितीत माझा आवाज आला, "शाब्बास, परत म्हणा." तिनं माझ्याकडं पाहिलं. मी नजर खाली घातली. "चुकले, देवकाबाई," एवढंच मला म्हणता आलं.

"तुमी तरी मंग इचारलं," ती म्हणाली.

मग तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि सासऱ्याच्या खाटेपाशी जाऊन बसली. सासऱ्यासमोरचा पदर तिनं नीट केला, पण तोंड झाकलं नाही. त्यांच्या कानाशी वाकून, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, ती बोलली.

"मामाजी, मी देवका. मले सारं सांगतलं शकुमावशीनं. नवरा बोलला नाई, काका बोलले ते माह्या इरोधात बोलले, गाव बोललं ते माह्या इरोधात बोललं. या साऱ्या घरात माह्याकडून बोलले ते तुमी एकलेच."

डोमाजींनी मान वळवली आणि तिच्याकडं पाहिलं. ओठ हलले, आवाज आला नाही. मुलगी कडेवरून उतरून खाटेची दोरी ओढत होती. त्यांनी डावा हात उचलला आणि तिच्या डोक्यावर ठेवला.

"बोलू नका," देवकाबाई म्हणाली. "आता घाई नाई. मी हाये इथंच."